सध्या काय वाचताय?

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ६७ ते ६९



यंदा अधिक ज्येष्ठ भर उन्हाळ्यात आलाय. चांद्र वर्ष आणि सौर वर्ष यांच्यात दरवर्षी साधारण ११ दिवसांचा फरक पडतो. तो साठत जातो आणि पावणेतीन वर्षांच्या आसपास एक महिना जास्तीचा मिळतो. जास्तीचा महिना म्हणजे जास्तीचं वाचन, हे आपल्याकडे ठरलेलंच आहे. कोणी रोज पंधरावा अध्याय म्हणतंय, कोणी ज्ञानेश्वरीचं पारायण लावलंय, कोणी सुट्टीत मुलांना घेऊन हरिपाठ पाठ करतंय. आमच्या पाम-बोईसरच्या पट्ट्यात दुपारी लाईट गेली की तसंही दुसरं काही सुचत नाही. ओटीवर बसायचं, हातात पोथी, बाजूला ताडगोळे.

आणि मग मोबाईलवर सुरू होतं, ‘सध्या काय वाचताय?’ स्टेटसला ग्रंथाचा फोटो, त्यावर फूल, खाली ‘दिवस ६’.

आमच्या वाचनाच्या ग्रुपमधल्या एका ताईने यावरून सरळ प्रश्न विचारला. ‘दादा, वाचन ही साधना ना? मग ती सगळ्यांना सांगायची कशाला? आपण काय वाचतोय हे सांगणं म्हणजे अहंकारच नाही का?’ त्यावर दुसऱ्याने लगेच लिहिलं, ‘मी तर कोणाचं तरी स्टेटस बघूनच गीता उघडली. त्याने सांगितलं नसतं तर मी आज इथे नसतो.’

दोघंही खरं बोलतायत, म्हणून हा प्रश्न सोपा नाही. आजचे तीन श्लोक नेमके याच जागी उभे आहेत.

गीता संपत आलीये. अर्जुनाला जे सांगायचं ते सगळं सांगून झालंय. आता भगवंत सांगतात की हे पुढे कोणाला सांगायचं. ६७ व्या श्लोकात आधी ‘कोणाला नाही’ ते येतं : ज्याच्या आयुष्यात तप नाही, ज्याला भक्ती नाही, ज्याला ऐकायची इच्छा नाही, जो माझ्यात दोषच बघतो, त्याला हे सांगू नकोस. लगेच ६८ व्या श्लोकात उलटी बाजू येते : जो माझ्यावर परम भक्ती ठेवून हे माझ्या भक्तांना सांगेल, तो माझ्याकडेच येईल. आणि ६९ व्यात तर देव म्हणतो की अशा माणसापेक्षा मला जास्त प्रिय दुसरा कोणी नाही, पुढे होणारही नाही.

एका श्लोकात कडक मनाई आणि पुढच्याच श्लोकात एवढं कौतुक. मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे असं काही दिसलं की आधी अटी वाचतो. इथल्या अटी नीट बघा. मनाईच्या श्लोकातल्या चारही अटी ऐकणाऱ्याबद्दल आहेत. सांगणाऱ्यासाठी अट एकच, भक्ती. त्याने ग्रंथ पूर्ण केलेला असावा, किती पारायणं झाली ते सांगावं, त्याला सगळा अर्थ लागलेला असावा, असं या तीन श्लोकांत कुठेही नाही. म्हणजे ‘मी सांगू का?’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर माझ्याकडे बघून मिळतच नाही. ते समोरच्याकडे बघून मिळतं. समोर कोण आहे? त्याला ऐकायचंय का?

आपल्या परंपरेत हे किती जुनं आहे बघा. समर्थांचा दासबोध सुरू होतो तोच श्रोत्यांच्या प्रश्नाने. हा कोणता ग्रंथ, यात काय सांगितलंय, ऐकून काय मिळेल, असं श्रोते विचारतात आणि मग समर्थ बोलायला लागतात. म्हणजे ‘काय वाचताय?’ हाच दासबोधाचा पहिला प्रश्न! भागवतात सात दिवस हाताशी असलेला परीक्षित विचारतो, म्हणून शुकमुनी सांगतात. खुद्द गीतासुद्धा आपल्यापर्यंत येते ती धृतराष्ट्राने संजयाला विचारलं म्हणून. नवविधा भक्तीत पहिलं श्रवण, मग कीर्तन. आधी ऐकणं, मग सांगणं. हा क्रम उगाच लावलेला नाही.

स्टेटसमध्ये नेमकं हेच हरवतं. तिथे प्रश्न कोणी विचारलेला नसतो. सगळ्यांना सांगितलं जातं, त्यामुळे खास असं कोणालाच सांगितलं जात नाही.

आता एक खराखुरा उन्हाळा आठवूया. वर्ष १९३२, ठिकाण धुळ्याचा तुरुंग. सत्याग्रहात पकडलेले विनोबा भावे तिथे होते. २१ फेब्रुवारी १९३२ ला रविवार होता. त्या दिवशी त्यांनी सोबतच्या कैद्यांसमोर गीतेच्या पहिल्या अध्यायावर बोलायला सुरुवात केली. मग दर रविवारी एक अध्याय. १८ अध्याय, १८ रविवार, शेवटचा १९ जूनला. खानदेशातला उन्हाळा ज्यांनी बघितलाय त्यांना मार्च ते जून म्हणजे काय ते सांगायला नको. तुरुंगाच्या भिंतीआड, त्या उन्हात, ही माणसं दर आठवड्याला गीतेसाठी एकत्र बसत होती.

विनोबांना गीता नवी नव्हती. त्याच्या आदल्याच वर्षी, १९३१ मध्ये, त्यांची ‘गीताई’ लिहून पूर्ण झाली होती. तिच्या मुळाशीही एक मागणीच होती. त्यांच्या आईला संस्कृत गीता कळायची नाही आणि हाताशी आलेलं मराठी रूपांतरही जड वाटायचं. तेव्हा तूच का करत नाहीस, असं ती मुलाला म्हणाली. आई १९१८ मध्ये गेली आणि तिचा शब्द मुलाने बारा-तेरा वर्षांनी पुरा केला. मागणाऱ्याची मागणी किती काळ मनात जपून ठेवता येते, बघा.

पण धुळ्याच्या गोष्टीत मला जास्त भावतात ते ऐकणारे. त्यांच्यात साने गुरुजी होते. विनोबा बोलत होते आणि गुरुजी लिहून घेत होते. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज आपल्या हातात आहे ते एका माणसाने मन लावून ऐकलं म्हणून. सांगणारा कितीही मोठा असता तरी ऐकणारा तसा नसता तर ते १८ रविवार त्या भिंतींतच राहिले असते. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. तिची रचना आठवा. श्याम रोज रात्री सोबत्यांना एकेक आठवण सांगतोय, अशा ४२ रात्री. एका उन्हाळ्यातला मनापासून ऐकणारा पुढे असा सांगणारा झाला.

इथे कोणी म्हणेल, ‘अरे, ते विनोबा. आपण कोण? आपलं वाचन अर्धवट, त्यातलं कळलेलं त्याहून अर्धवट. मग आपल्याला सांगायचा अधिकार काय?’

ही शंका खोटी नाही. जुनी माणसं म्हणायची, साधना झाकून ठेवावी. त्यातही शहाणपण आहे. बी पेरलं की रोज उकरून बघायचं नसतं. शिवाय दहा जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली की मनाला वाटतं, मिळालं जे मिळायचं ते. मग उद्याच्या वाचनाची ओढ आपोआप कमी होते. आमच्या कामात हे रोज दिसतं. एखादा आकडा बोर्डवर लावला की थोड्या दिवसांनी सगळे कामासाठी राबायचं सोडून आकड्यासाठी राबायला लागतात. आकडा सुंदर दिसतो आणि काम तिथेच पडलेलं असतं.

वाचनाचं असं झालं तर काय होतं, ते आमच्याच ग्रुपमधलं सांगतो. आम्ही १८ जण आहोत. अधिक महिन्यात प्रत्येकाला एक अध्याय, महिनाभर रोज तोच वाचायचा. म्हणजे सगळ्यांचं मिळून रोज गीतेचे ७०० श्लोक पूर्ण होतात. वाचून झालं की हिरवी खूण टाकायची. माझ्या एका मित्राच्या वाट्याला दुसरा अध्याय आला, ७२ श्लोकांचा. पहिल्या दिवसापासून त्याची खूण वेळेवर, सकाळी सातच्या आत. यादी बघितली तर त्याच्याइतका नियमित कोणी नाही.

एका सकाळी बोईसर स्टेशनवर गाडीची वाट बघत होतो, तेव्हा मी त्याला सहज विचारलं, ‘काय रे, कसं चाललंय वाचन?’

तो जरा गप्प राहिला. मग म्हणाला, ‘खरं सांगू? अकराव्या श्लोकाच्या पुढे मला जाताच येत नाहीये. ज्यांचा शोक करायचा नाही त्यांचा शोक करतोस, असं देव म्हणतो. अरे, माझे बाबा गेलेत.’

त्याचे वडील गेल्या थंडीत गेले. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

‘मग रोज खूण टाकतोस ती?’

‘वाचतो ना. ओठ हलतात. खूण टाकतो.’

मला काही बोलता आलं नाही. आत्मा अमर आहे वगैरे त्याला माहीत होतंच, तेच तर तो रोज वाचत होता. गाडी आली, आम्ही चढलो. आमच्या डब्यात रोज भेटणारे एक काका आहेत, टाळ घेऊन भजनाला बसतात. त्यांनी आमचं बोलणं ऐकलं असावं. पालघर गेल्यावर ते मित्राला म्हणाले, ‘बाळा, एक अध्याय मागे जा. देवाने अर्जुनाला किती वेळ बोलू दिलंय, ते मोज.’ एवढंच म्हणाले आणि भजनाला लागले.

रात्री मित्राचा मेसेज आला. ‘मोजले. पहिल्या अध्यायात २८ व्या श्लोकापासून ४६ व्यापर्यंत. एकोणीस. देव एकदाही मधे बोलत नाही.’

मी उघडून बघितलं. खरंच तसं आहे. अर्जुनाचे हातपाय गळतात, तोंड कोरडं पडतं, धनुष्य हातातून निसटतं. तो आपल्या माणसांबद्दल बोलत राहतो, बोलत राहतो, आणि शेवटी रथात बसून जातो. पुढच्या अध्यायात देव आधी थोडं रागावतो, पण खरा उपदेश ११ व्या श्लोकापासून सुरू होतो, अर्जुनाचं सगळं बोलून झाल्यावर आणि ‘मी तुझा शिष्य, मला सांग’ असं त्याने स्वतः म्हटल्यावर. ज्या अध्यायात फक्त दुःखच आहे त्या अध्यायालाही परंपरेने ‘योग’ म्हटलंय, अर्जुनविषादयोग. मित्राने ग्रुपमध्ये अध्याय बदलून मागितला. पहिला अध्याय आलेल्या काकूंनी आनंदाने दिला. आता तो पहिला वाचतोय. ‘दुसऱ्याकडे येईन, पण सावकाश,’ म्हणाला.

या प्रसंगावर मी बरेच दिवस विचार करतोय. त्या हिरव्या खुणेने आम्हा १७ जणांना काय सांगितलं? झालं, एवढंच. तो अडलाय, एकटा आहे, रोज सकाळी त्याच श्लोकापाशी थांबतोय, हे खुणेतून कधीच कळलं नसतं. कळलं ते विचारल्यावर. आणि त्याने अर्धवट वाचन होतं तसं सांगितलं, म्हणून काकांचं वाक्य त्याच्यापर्यंत पोचलं. ग्रंथ समजून मग सांगीन, असं त्याने ठरवलं असतं तर तो अजून अकराव्या श्लोकापाशीच उभा असता.

म्हणून अधिकाराच्या शंकेला माझं उत्तर असं आहे. ग्रंथाचा अर्थ समजावून सांगायला अधिकार लागतो आणि तो माझ्यासारख्याकडे नाही. पण मी ग्रंथात कुठे आहे, कुठे अडलोय, कुठे डोळे भरून आले, हे सांगायला वेगळा अधिकार लागत नाही. वाचनाचं सांगणं हे पत्ता देण्यासारखं असावं. आपण कुठवर आलोय ते कळलं तर कोणीतरी तिथे भेटायला येऊ शकतं. ‘दिवस ६’ हा हिशोब झाला. हिशोब बघून माणसं शाबासकी देतात, नाहीतर स्वतःच्या हिशोबाशी ताडून बघतात आणि मनातून खट्टू होतात. इंग्रजी माध्यमात शिकलेली, देवनागरी हळू वाचणारी मुलं-मुली अशाच तुलनेमुळे गुपचूप ग्रुप सोडून जातात. ती ग्रंथाला कंटाळलेली नसतात, दुसऱ्यांच्या वेगाला घाबरलेली असतात.

दहाव्या अध्यायाच्या नवव्या श्लोकात भगवंत आपल्या भक्तांचं वर्णन करतात. त्यांचं चित्त माझ्यात असतं, ती एकमेकांना समजावतात, माझ्याविषयी बोलतात आणि त्यातच रमतात. तिथे ‘परस्पर’ असा शब्द आहे. एक सांगणारा आणि बाकीचे टाळ्या वाजवणारे, असं ते चित्र नाही. आज तू अडलास तर मी, उद्या मी अडलो तर तू. आमच्या डब्यात त्या दिवशी हेच झालं.

पूर्वी गावात पोथी लागायची तेव्हा ‘काय वाचताय?’ हा प्रश्नच नसायचा. एक जण वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा, बाकी गाव ऐकायचं. घरात अजूनही हे थोडं उरलंय. माझी आई संध्याकाळी शिवलीलामृताचा अकरावा अध्याय मोठ्याने वाचते. बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत. बाबांना आता बारीक टाईप दिसत नाही, ते खुर्चीत डोळे मिटून बसतात. मधेच ‘हं, परत वाच ती ओवी’ म्हणतात आणि ती परत वाचते. आईने आयुष्यात कधी काय वाचतेय ते कोणाला जाहीर केलं नाही. पण तिचं वाचन रोज कोणाच्या तरी कानापर्यंत जातं. माझ्या मते ६८ व्या श्लोकाचं हे आपल्याला जमण्यासारखं रूप आहे. एक वाचणारा, एक ऐकणारा, आणि ऐकणाऱ्याने परत मागितलं की परत वाचायची तयारी.

मग स्टेटस ठेवायचं की नाही? ताईच्या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दात उत्तर देता येईल असं मला वाटत नाही. त्या दुसऱ्या दादाने कोणाचं तरी स्टेटस बघूनच गीता उघडली, हे नाकारून कसं चालेल? पण ज्याचं बघून त्याने उघडली त्याला हे माहीत तरी आहे का? दोघं कधी गीतेवर बोलले का? पहिलं पान उघडून द्यायला फोटो पुरतो. पण अकराव्या श्लोकाशी अडलेल्या माणसाला फोटोचा उपयोग नाही. तिथे ‘कुठपर्यंत आलास?’ असं विचारणारं आणि मग उत्तर ऐकून घेणारं माणूसच लागतं. आणि ताई, तुझ्या शंकेसाठी एक साधी कसोटी : सांगून झाल्यावर समोरच्याने ग्रंथ उघडला, की माझ्याकडे बघितलं? ग्रंथ उघडला तर ते सांगणं देवापर्यंत गेलं असं समजायला हरकत नाही.

आता मीही माझा पत्ता देतो. सध्या ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय वाचतोय आणि अजून सुरुवातीच्या ओव्यांतच आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० ला नेवाशात पूर्ण झालेला हा ग्रंथ. माऊली या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे अवधान मागतात. पुढे दृष्टांत देतात तो असा की चंद्रकांत मणी पाझरतो खरा, पण त्याला पाझरवण्याची कला चंद्राकडे असते. तसा श्रोत्यावाचून वक्ता हा वक्ताच नाही. मी इथेच थांबलोय. एवढं बोलू शकणारा माणूस ऐकणाऱ्याकडे असं मागतो, तर मग मी दिवसभरात कोणाचं किती ऐकतो?

आजचा अभ्यास : आज एकाच माणसाला विचारा, ‘सध्या काय वाचताय, कुठपर्यंत आलात?’ घरातल्या आजीला, ऑफिसच्या गेटवर रामचरितमानसचा गुटका घेऊन बसणाऱ्या भय्यांना, ग्रुपमध्ये बरेच दिवस गप्प असलेल्या कोणाला तरी. मग दोन मिनिटं मधे न बोलता ऐका. त्यांनी विचारलंच तर आपण कुठे अडलोय तेवढं सांगा. विचारलं नाही तर तेही ठीक, आपलं श्रवण झालं.

उद्या श्लोक ७० : हा संवाद अभ्यासणाऱ्याबद्दल भगवंत काय म्हणतात ते बघू.

रामकृष्ण हरी!